'रिफ्यूज'चे पर्याय : नकाराच्या कोशगत इतिहासाविषयी

इंग्रजीत नकार दर्शविणारे सर्वांत रुळलेले क्रियापद 'रिफ्यूज' हे होय. कोशांत त्याच्या शेजारी 'डिक्लाइन', 'रिजेक्ट', 'डिनाय', 'रिप्युडिएट', 'स्पर्न' ही क्रियापदे पर्याय म्हणून मांडलेली असतात आणि त्यांतील भेद बहुधा सौम्यतेच्या व तीव्रतेच्या मापाने सांगितला जातो. हे माप अपुरे आहे. पर्यायांची ही व्यवस्था कोणी आणि कोणत्या दृष्टीने लावली हे पाहू गेल्यास, नकार कोणी कोणाला द्यायचा हा प्रश्न त्या व्यवस्थेत आधीच निकालात काढलेला आढळतो.

व्युत्पत्तीच्या अंगाने पाहता यांतील बरेच शब्द शारीर क्रियांतून आलेले दिसतात. 'रिजेक्ट'मध्ये मागे फेकणे आहे, 'डिक्लाइन'मध्ये बाजूला झुकणे आहे. 'स्पर्न' या जुन्या इंग्रजी शब्दात तर सरळ लाथाडणे आहे. 'रिप्युडिएट'च्या मुळाशी रोमन विवाहविच्छेद आहे. 'रिफ्यूज' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे लॅटिन मूळ मागे ओतण्याशी जोडावे, की आक्षेप घेणे आणि खोडून काढणे या अर्थांच्या दोन क्रियापदांच्या संकराशी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र हाच शब्द पहिल्या अक्षरावर आघात देऊन उच्चारला की त्याचा अर्थ केरकचरा असा होतो. जे नाकारले गेले ते आणि जे टाकाऊ ठरले ते, यांत लेखी भाषा फरक करीत नाही.

सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये नकार ही राज्यसंस्थेची चिंता झाली. अँग्लिकन उपासनेस हजर राहण्यास नकार देणाऱ्यांना, प्रामुख्याने रोमन कॅथलिकांना, 'रेक्युझंट' म्हटले जाई. १५५९च्या कायद्याने गैरहजेरीसाठी ठेवलेला १२ पेन्सांचा दंड १५८१मध्ये दरमहा २० पौंडांवर नेण्यात आला. फौजदारी न्यायालयातील नकार याहून बिकट होता. आरोपीने 'दोषी' किंवा 'निर्दोष' असे काहीच म्हटले नाही, तर खटलाच उभा राहत नसे. अशा आरोपीस छातीवर वजने रचून बोलते करण्याची प्रथा होती. मार्गारेट क्लिथरो हिचा १५८६मध्ये यॉर्क येथे याच प्रकारे अंत झाला. कायद्याने या कृतीस 'मूक उभे राहणे' असे नाव दिले होते, आणि हे मौन हेतुपुरस्सर आहे की ईश्वरी कोपाने आलेले, याचा निर्णय ज्यूरीकडे सोपविला होता. पुढची पायरी अधिक बोलकी आहे. १७७२च्या कायद्याने ही प्रथा बंद केली आणि मौन म्हणजे दोषसिद्धी असे ठरविले. १८२७च्या कायद्याने मौन म्हणजे 'निर्दोष' असे निवेदन मानले. आधी मौनाचा होकार झाला, मग इन्कार. खटल्याची भाषाच अमान्य करणाऱ्या मूळ नकाराला मात्र दोन्ही कायद्यांत जागा उरली नाही.

पर्यायकोशांची परंपरा इंग्रजीत स्थिरावली ती याच काळात. जॉन ट्रस्लरने १७६६मध्ये फ्रेंच पर्यायविचार इंग्रजीत आणला. हेस्टर पिओझीच्या १७९४च्या ग्रंथाची दृष्टी संभाषणाची, शिष्ट मंडळींत कोणता शब्द शोभेल ही होती. जॉर्ज क्रॅबने १८१६मध्ये 'रिफ्यूज', 'डिक्लाइन' व 'रिजेक्ट' यांचा एकत्र विचार करून पहिला शब्द निर्विशेष, दुसरा सौम्य आणि तिसरा नापसंती व्यक्त करणारा असे विवेचन केले. सौम्य नकार परवडतो कोणाला, हा प्रश्न क्रॅबला पडला नाही. मेजवानीचे आमंत्रण 'डिक्लाइन' करता येते. वेठीचे बोलावणे नाही.

पीटर मार्क रॉजे याच्या १८५२च्या कोशाने वर्णानुक्रम सोडून सुमारे १००० संकल्पनांचे वर्गीकरण केले, आणि त्यात नकाराची वाटणी झाली. 'निगेशन' बुद्धीच्या वर्गात गेले, प्रतिपादनाच्या समोर. 'रिजेक्शन' वैयक्तिक इच्छेच्या विभागात, निवडीच्या समोर. 'रिफ्यूजल' परस्परसंबंधांतील इच्छेच्या विभागात, आणि त्याचा प्रतिपक्ष म्हणून नेमला गेला तो देकार, म्हणजे 'ऑफर'. नकार देणारा तेथे गृहीत धरला आहे तो असा, की ज्याच्यापुढे कोणी काही तरी ठेवले आहे. ज्याला केवळ आज्ञा झाली, त्याच्या नकारासाठी रॉजेपाशी वेगळे शीर्षक आहे : अवज्ञा. वैद्यकाचा अभ्यास केलेल्या आणि रॉयल सोसायटीचे सचिवपद भूषविलेल्या या गृहस्थाने हे काही दुष्टाव्याने केलेले नाही. वर्गीकरणाची शिस्त पाळताना समाजाची उतरंड आपोआप कोशात उतरली. हीच गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. पुढच्याच वर्षी, १८५३मध्ये, हर्मन मेल्विलने बार्टल्बी हा नक्कलनवीस निर्माण केला. तो मालकाचे काम नाकारतो, पण नकारार्थी क्रियापदांच्या वाटेला जात नाही. पसंती-नापसंतीचे क्रियापद वापरतो. म्हणजे नोकर असून निवडीची भाषा बोलतो. मालकाची तारांबळ उडते ती यामुळे.

विसाव्या शतकात या शब्दाची दिशाच उलटल्याचे एक उदाहरण सापडते. १९७०च्या दशकात सोव्हिएत संघातून बाहेर जाण्याची परवानगी नाकारल्या गेलेल्या ज्यूंसाठी, रशियन शब्दावरून, 'रिफ्यूझनिक' हा शब्द इंग्रजीत घडला. पुढे तोच शब्द आज्ञा नाकारणाऱ्यांना लावला जाऊ लागला. कर्म होते ते कर्ता झाले.

मराठीच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व भाषांतराच्या प्रश्नापाशी येते. 'नकार' हा शब्द 'न' या उच्चारावरून घडलेला आहे आणि त्याचा जोड 'होकार' आहे, देकार नव्हे. फेकणे, ओतणे, झुकणे यांपैकी काहीच त्यात नाही. आहे ते केवळ उच्चारणे. अधिकाराची उतरंड मराठीत नाही असे मात्र नव्हे. ती फारसी-अरबी वळणाच्या दप्तरी शब्दांत आहे : सरकार अर्ज 'नामंजूर' करते, आरोपी गुन्हा 'नाकबूल' करतो, आणि या दोघांची क्रियापदे आपसांत बदलून चालत नाहीत. 'नकार' या वाटणीच्या बाहेर राहिला. म्हणूनच दलित साहित्याच्या समीक्षेत 'विद्रोहा'च्या जोडीने तो मूलभूत संज्ञा होऊ शकला.

ही संज्ञा इंग्रजीत नेताना रॉजेची तिन्ही दालने समोर उभी राहतात. 'रिफ्यूजल' म्हणावे, तर कोणी काही देऊ केले होते असे सूचित होते. महाडच्या तळ्याचे पाणी १९२७मध्ये कोणी देऊ केलेले नव्हते. 'निगेशन' म्हणावे, तर तर्कशास्त्राचा थंडपणा येतो. 'रिजेक्शन'मध्ये फेकण्याचा आवेश आणि निवडीचा अधिकार दोन्ही आहेत. २५ डिसेंबर १९२७चे मनुस्मृतिदहन त्या शब्दात सामावते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी नकारार्थी प्रतिज्ञाही, कारण त्यांच्या लगतच बुद्धमार्गाच्या स्वीकाराच्या प्रतिज्ञा आहेत. पण रॉजेच्या मांडणीत हा शब्द एकट्या व्यक्तीच्या इच्छेचा आहे, आणि नागपूरच्या मैदानावर लाखोंचा समुदाय होता. शिवाय रोजच्या इंग्रजीत 'रिजेक्शन' हे बहुधा सोसणाऱ्याच्या वाट्याला येते : संपादकाकडून परत आलेल्या हस्तलिखिताच्या, प्रेमात झिडकारलेल्याच्या. ज्यांना शतकानुशतके बाहेर टाकले गेले त्यांच्या कृतीला हेच नाव दिले, तर इंग्रजी वाचकाला क्षणभर तरी टाकणारा कोण आणि टाकलेला कोण याचा उलगडा होत नाही. संग्रहाच्या प्रस्तावनेत मूळ 'नकार' हाच शब्द ठेवून त्याची फोड करणारा भाषांतरकार या अडचणीला अधिक प्रामाणिकपणे सामोरा जातो.