मायावतीचं ग्रहण आणि बारा तासांची चूक

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका फजितीपासून.

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. विरारला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी एक तारा बघत बसलो होतो. ययाती तारकासमूहातला हा तारा, नाव मायावती. जगभर त्याला अल्गॉल म्हणतात. स्टेशनकडचा सगळा झगमगाट असूनही तो साध्या डोळ्यांनी दिसतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंद होत जातो, त्याचा उजेड एक तृतीयांशाहूनही कमी होतो आणि मग तो पुन्हा उजळतो. हा सगळा प्रकार साधारण १० तास चालतो.

शनिवारी रात्री बसलो. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत दर पंधरा मिनिटांनी वहीत नोंद करत होतो. तारा सगळ्यात मंद वाटला तेव्हा मोबाइलवर १२:४० झाले होते. लिहिलं, ‘शनिवार, १२:४०’. त्यावरून हिशोब मांडला, पुढचं ग्रहण सोमवारी रात्री साडेनऊला. चार मित्रांना बोलावलं. सोमवारी सगळे वर आले, मायावती नेहमीसारखी ठणठणीत! ग्रहण लागलं मंगळवारी, तेव्हा गच्चीवर मी एकटाच.

चूक कळली ना? मध्यरात्र उलटली होती, म्हणजे रविवार लागला होता. आमच्या आजीच्या हिशोबाने मात्र मी बरोबरच होतो. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो. पण घड्याळ काही आजीचं ऐकत नाही.

आता जाऊ मागे, १७८२ सालात. त्या वर्षी मे महिन्यात सालबाईचा तह झाला आणि इंग्रजांनी जिंकलेली आपली वसई मराठ्यांना परत द्यायचं ठरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जॉन गुडरिक नावाचा मुलगा मायावतीवर नजर ठेवून होता. वय १८. लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. सोबतीला शेजारी एडवर्ड पिगॉट. तारा मंद होतो हे आधीही काहींना दिसलं होतं. गुडरिकने रात्रीमागून रात्र वेळा लिहून ठेवल्या आणि हे किती काळाने घडतं ते काढलं. एखादं मोठं काळं पिंड त्याच्याभोवती फिरत आडवं येत असेल, असा एक अंदाजही त्याने मांडला. १७८३ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. १७८६ मध्ये, अवघ्या २१व्या वर्षी तो गेला. अंदाज खरा निघायला १८८९ उजाडलं. जर्मनीतल्या पॉट्सडॅमला फोगेल यांनी मायावतीच्या वर्णपटावरून तिला खरंच जोडीदार आहे हे दाखवून दिलं.

वेळ आडवी आणि तेज उभं मांडून जो आलेख निघतो तो प्रकाशवक्र, म्हणजे लाइट कर्व्ह. मायावतीचा वक्र बराच वेळ जवळजवळ सपाट चालतो आणि मग एकदम खड्ड्यात उतरतो. पण काही जोड्या इतक्या जवळ असतात की एकमेकींच्या ओढीने तारे अंड्यासारखे लांबट होतात. मग वक्रात सपाट भागच उरत नाही, सतत लाट चालू राहते. १९०३ मध्ये सापडलेली सप्तर्षी तारकासमूहातली डब्ल्यू अर्सा मेजोरिस ही जोडी तशीच. तिथले दोन्ही तारे एकमेकांना टेकलेले आहेत आणि सुमारे ८ तासांत एक फेरी पूर्ण करतात. खड्डा किती खोल, किती रुंद, यावरून ताऱ्यांचे तुलनेतले आकार आणि तापमान काढता येतं. फेरीचा काळ हळूहळू बदलत असेल, तर एका ताऱ्याचा माल दुसऱ्यावर सांडत असल्याची ती खूण असू शकते.

या कामात एक आपलं आडनावही आहे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची निजामिया वेधशाळा ही १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी सुरू केलेली. तिचे संचालक होते प्रा. के. डी. अभ्यंकर. वेधशाळेची ४८ इंची दुर्बीण जपाल-रंगापूरला १९६८ मध्ये उभी राहिली. तिथल्या मंडळींचा एक मोठा विषय म्हणजे असे ग्रहण लागणारे जोडतारे. प्रकाशमापक लावायचा, एकदा हवा तो तारा, एकदा तुलनेचा तारा, एकदा रिकामं आकाश, असं आळीपाळीने मोजायचं आणि प्रत्येक आकड्याशेजारी वेळ लिहायची. शेकडो वेळा.

वेळेला एवढं महत्त्व का, ते २०१७ मध्ये जगाला कळलं. अमेरिकेत लॅरी मोलनार यांच्या गटाने जाहीर केलं की केआयसी ९८३२२२७ ही टेकलेली जोडी २०२२च्या सुमारास एकमेकांत कोसळेल आणि तो स्फोट साध्या डोळ्यांनी दिसेल. बातमी जगभर गाजली. २००८ मध्ये व्ही १३०९ स्कॉर्पिआय ही जोडी खरोखरच तशी विलीन झाली होती, त्यामुळे अंदाज हवेतला नव्हता. पण २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने जुन्या नोंदी तपासल्या. २००४च्या एका शोधनिबंधात ग्रहणाची वेळ १२ तासांनी चुकीची छापली गेली होती! ही जोडी ११ तासांत एक फेरी मारते. म्हणजे १२ तासांच्या चुकीतून एक फेरी वजा केली की उरतो एक तास, आणि त्या एका तासामुळे फेरीचा काळ झपाट्याने घटतोय असं वाटलं. मोलनार यांनी चूक मान्य केली. विलीन होण्याचं भाकीत तिथेच संपलं.

खगोलशास्त्रज्ञ वापरतात तो ज्युलियन दिनांक दुपारी १२ला बदलतो. त्यामुळे रात्रभर बसलं तरी तारीख तीच राहते. माझ्या वहीत आता ‘शनिवार-रविवार’ अशी जोडतारीख असते, पुढे पूर्ण वेळ.

तुम्हीही करून बघा. थंडीत संध्याकाळनंतर उत्तरेला उंच बघा, मायावती सापडेल. ग्रहण दिसलं तर वेळ लिहून मला कळवा, आणि तारीख दोनदा तपासा. भेटू पुढच्या भागात!