दयेची व्यवस्था

आपल्या गांवांतून फिरतांना तांबड्या क्रुसाची खूण किती तरी ठिकाणीं दृष्टीस पडते. औषधाच्या दुकानाच्या पाटीवर ती असते, डॉक्टरांच्या मोटारीच्या कांचेवर असते, प्रथमोपचाराच्या पेटीवर असते. ही वैद्यकाची खूण आहे अशी बहुतेकांची समजूत. इतिहासाच्या वर्गांत मीं विचारलें, तर "दवाखान्याची खूण" हेंच उत्तर दरवर्षीं न चुकतां मिळतें. वस्तुतः ती दवाखान्याची खूण नव्हे. तें एक अभयवचन आहे. ज्या माणसावर, ज्या गाडीवर किंवा ज्या छपरावर ती दिसेल त्यावर शस्त्र चालवूं नये, इतकाच तिचा अर्थ. १९६० च्या जिनीव्हा करार कायद्यानें आपल्या देशांत तिचा मन मानेल तसा वापर करण्यास बंदी आहे, ही गोष्ट पाटी रंगविणाऱ्यास आणि रंगवून घेणाऱ्यास सहसा ठाऊक नसते.

या अज्ञानाचें मला फारसें नवल वाटत नाहीं. परंतु त्याच वर्गांत एका विद्यार्थ्यानें एकदां विचारलेला प्रश्न मात्र मनांत राहून गेला आहे. "दया ही अंतःकरणांतून यावयाची गोष्ट, तिला कायदा, कचेरी आणि झेंडा कशाला?" प्रश्न पोरकट नाहीं. वर्गणीची पावती हातीं घेतांना आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत तो येत असतो, फक्त आपण तो बोलून दाखवीत नाहीं. त्याचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां इतिहासाकडून घ्यावें हें बरें.

२४ जून १८५९ रोजीं उत्तर इटलींत सोल्फेरिनो या खेड्याच्या परिसरांत एका बाजूस ऑस्ट्रिया आणि दुसऱ्या बाजूस फ्रान्स व सार्डिनिया यांचीं सैन्यें एकमेकांवर आदळलीं. दोन्हीकडचे मिळून सुमारें ३ लाख सैनिक त्या दिवशीं रणांत होते. लढाई संपली तेव्हां ठार, जखमी व बेपत्ता झालेल्यांची संख्या ४० हजारांच्या घरांत गेली होती. इटलीच्या एकीकरणाच्या इतिहासांत या लढाईस एखादें पान मिळतें. परंतु तिचें नांव आज जगाच्या तोंडीं आहे तें लढाईमुळें नव्हे. तें आहे लढाईनंतर कास्तिल्योने या जवळच्या गांवीं जें घडलें त्यामुळें.

जिनीव्हाचा आंरी द्यूनाँ नांवाचा ३१ वर्षांचा एक व्यापारी त्या वेळीं तेथें येऊन पोंचला होता. तो सैनिक नव्हता, वैद्य नव्हता, कीं धर्मोपदेशकहि नव्हता. आल्जीरियांत त्यानें गिरणीचा उद्योग मांडिला होता. त्यासाठीं लागणारे जमिनीचे व पाण्याचे हक्क मिळेनात, म्हणून सम्राट् तिसऱ्या नेपोलियनासच गांठून अर्ज द्यावा, या हेतूनें तो इटलींत आला होता. साहेबाच्या मुक्कामावर आपलें काम घेऊन जाणारा कोणताहि गृहस्थ जितका निःस्वार्थी असतो, तितकाच तोहि होता. हें मुद्दाम सांगतों, कारण थोर कार्य करावयास माणूस जन्मतःच थोर लागतो, अशी एक सोयीची समजूत आपण करून घेतलेली असते.

कास्तिल्योने हें पांचसहा हजार वस्तीचें गांव. तेथें तीन दिवसांत सुमारें ९ हजार जखमी येऊन पडले. चर्चें भरलीं, मठ भरले, बराकी भरल्या. मग घरांच्या पडव्या आणि शेवटीं रस्ते भरले. एका मोठ्या चर्चमध्येंच सुमारें ५०० माणसें दाटीवाटीनें पडलीं होतीं. गांवांत पाणी होतें, अन्नहि होतें, आणि तरीहि माणसें तहानेनें व भुकेनें मरत होतीं. कारण विहीर आणि जखमी यांच्यामध्यें पाणी नेणारे हात पुरेसे नव्हते. द्यूनाँनें गांवांतल्या बायका एकत्र केल्या. पाणी कोणीं पाजावें, जखमा कोणीं धुवाव्या, पट्ट्या कोणीं बांधाव्या, याची त्यानें वांटणी करून दिली. गाडीवानास ब्रेश्या शहरीं पाठवून लिंबें, साखर, सदरे, स्पंज, तंबाखू असा माल आणविला. कैद झालेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना या कामासाठीं मोकळें करावें म्हणून खटपट केली. तो फ्रेंच आणि ऑस्ट्रियन असा भेद करीत नाहीं हें पाहून त्या बायकांनींहि तोच परिपाठ ठेविला. हे सारे आपले भाऊच, असें त्या म्हणूं लागल्या. ज्या ऑस्ट्रियाचें जोखड झुगारून देण्यासाठीं हें युद्ध चाललें होतें, त्याच ऑस्ट्रियाच्या सैनिकांविषयीं हे उद्गार होते.

इतकें करूनहि माणसें मेलींच, आणि फार मेलीं. त्या गांवांत दयेचा दुष्काळ मुळींच नव्हता. दुष्काळ होता तो तयारीचा. पट्टी कशी बांधावी हें ठाऊक नसलेला हात कितीहि मायेचा असला, तरी रक्त थांबवूं शकत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच मिळतें.

१८६२ सालीं द्यूनाँनें सोल्फेरिनोची आठवण सांगणारें एक लहानसें पुस्तक स्वतःच्या खर्चानें छापलें. प्रती काढल्या १,६००. त्यांत त्यानें दोन सूचना केल्या. पहिली अशी, कीं प्रत्येक देशांत शांततेच्या काळींच स्वयंसेवकांची मंडळी स्थापून त्यांना शुश्रूषेचें शिक्षण द्यावें. दुसरी अशी, कीं जखमी आणि त्यांची सेवा करणारे यांना रणांगणावर संरक्षण मिळेल असा करार सर्व राष्ट्रांनीं करावा. पुस्तकें पुष्कळांनीं वाचलीं व उसासे टाकले. ग्यूस्ताव्ह म्वान्ये या जिनीव्हाच्या वकिलानें मात्र पुस्तक वाचून सभा बोलावली. १७ फेब्रुवारी १८६३ रोजीं द्यूनाँ, म्वान्ये, सेनापति द्युफूर आणि आप्पिया व मोन्वार हे दोन डॉक्टर अशा पांच जणांची समिति प्रथम भरली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत १६ राष्ट्रांच्या प्रतिनिधींची परिषद झाली, आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजीं १२ राष्ट्रांनीं पहिल्या जिनीव्हा करारावर सह्या केल्या.

त्या करारांत अवघीं १० कलमें आहेत. जखमी कोणत्याहि राष्ट्राचा असो, त्यास उचलून त्याची शुश्रूषा केली पाहिजे, असें एक कलम सांगतें. जखमींस मदत करणाऱ्या गांवकऱ्यांना कोणीं उपद्रव देऊं नये, असें दुसरें सांगतें. हें वाचतांना कास्तिल्योनेच्या बायका डोळ्यांपुढें उभ्या राहतात; त्यांनीं आपल्या मनानें जें केलें तें अवघ्या पांच वर्षांत राष्ट्रांच्या कायद्याचें कलम होऊन बसलें. पांढऱ्या भूमीवर तांबडा क्रूस ही खूणहि याच करारानें ठरविली. पुढें १८७६ ते १८७८ च्या युद्धकाळांत तुर्कांनीं क्रुसाऐवजीं चंद्रकोर घेतली. कारण खूण सर्वांना अभय देणारी असावयाची, तर ती कोणाच्याहि मनांत परकेपणा उत्पन्न करणारी असून भागत नाहीं.

यावर, आमच्याकडे हें सारें पूर्वींपासूनच होतें, असें म्हणणारे सज्जन आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. कलिंगाच्या रणांगणावरील संहार पाहून अशोकास झालेला पश्चात्ताप त्याच्या शिलालेखांत कोरलेला आहे. माणसांच्या आणि जनावरांच्याहि औषधोपचाराची सोय केल्याचें तो सांगतो. पाणपोया, धर्मशाळा, अन्नछत्रें हीं आपल्याकडे होतींच. दुष्काळांत आणि सांथींत जिवाची पर्वा न करणारीं माणसेंहि आपण पाहिलीं आहेत. १८९७ च्या प्लेगांत पुण्यास सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगाला बळी पडल्या. १० मार्च हा त्यांच्या मृत्यूचा दिवस. त्यापुढें कोणाचीहि मान लवेल. परंतु मान लववून झाल्यावर एक कठीण प्रश्न उरतो. अशोकाची करुणा अशोकाबरोबर मावळली. आणि सावित्रीबाईंच्या हातांतलें काम त्यांच्यामागें उचलून धरील अशी शिकविलेल्या सेवकांची फळी आपण उभी केली नव्हती. आपली दया पुण्याच्या हिशेबांत जमा होत गेली, व्यवस्थेच्या हिशेबांत नव्हे. हा दोष परक्यांनीं दाखविण्यापेक्षां आपणच पाहिलेला बरा.

व्यवस्थेचा पहिला धडा कांहीं हिंदी लोकांनीं गिरवला तो परदेशांत. १८९९ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेंत बोअर युद्ध सुरू असतां गांधींनीं जखमींना वाहून नेणारें एक पथक उभारलें. त्यांत सुमारें १,१०० हिंदी लोक होते, आणि त्यांतले बहुतेक गिरमिटिया मजूर. स्पियॉन कॉपच्या लढाईंत तोफांच्या माऱ्याखालीं जाण्याची त्यांच्यावर सक्ति नव्हती, तरी ते गेले. जखमींच्या डोल्या खांद्यावर घेऊन दिवसास वीस-पंचवीस मैल चालले. १९०६ च्या झुलु बंडाच्या वेळीं गांधींचें पथक वीस-बावीस माणसांचेंच होतें. तेथें गेल्यावर त्यांस आढळून आलें कीं, शुश्रूषा करावयाची ती मुख्यतः झुलु लोकांची. फटक्यांनीं त्यांच्या अंगाच्या चिंधड्या झालेल्या होत्या, आणि गोरे लोक त्यांच्या जखमांना हात लावण्यास तयार नव्हते. तें काम हिंदी पथकानें केलें. कास्तिल्योनेच्या बायकांना जें उमगलें होतें तेंच येथें पुन्हां घडलें.

हिंदुस्थानांतील रेड क्रॉस संस्थेचा जन्म मात्र इतका रोमहर्षक नाहीं. पहिल्या महायुद्धांत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि ब्रिटिश रेड क्रॉस यांची एक संयुक्त समिति येथें काम करीत होती. युद्ध संपलें, आणि लोकांनीं दिलेला पैसा व सामान शिल्लक राहिलें. त्याचें काय करावें हा प्रश्न उभा राहिला. मार्च १९२० मध्यें सर क्लॉड हिल यांनीं कायदेमंडळांत विधेयक आणलें, आणि त्याच महिन्यांत तें १९२० चा १५ वा कायदा म्हणून मंजूर झालें. शिलकी पैशाची विल्हेवाट हें त्या कायद्याचें निमित्त. परंतु युद्धांत चाललेलें काम शांततेच्या काळीं अधिक व्यापक पायावर चालू ठेवावें, हा उद्देश त्याच्या आरंभींच नमूद केलेला आहे. जून १९२० मध्यें ५० सभासद नेमण्यांत आले. सर माल्कम हेली हे पहिल्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष झाले.

तें वर्ष असहकाराचें. लोकमान्यांचें निधन त्याच वर्षींचें. अशा काळीं लाटसाहेबांच्या छत्राखालीं जन्मलेल्या संस्थेविषयीं देशाभिमानी मनांत आपलेपणा उपजला नसल्यास नवल नाहीं. तरीहि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तोफ बंद पडल्यावरहि बाळंतीण मरते, मूल दगावतें, गांव पुरांत बुडतें. तेथेंहि रणांगणाचीच शिस्त लागते, हा विचार १९१९ सालीं रेड क्रॉस संस्थांचा जागतिक संघ स्थापन झाला तेव्हां पुढें आला होता, आणि आपल्या संस्थेनें तो पहिल्यापासून उचलला. माता व बालकें यांची निगा आणि शाळकरी मुलांचीं पथकें हीं तिचीं कामें याच विचारांतून निघालीं. १९४७ च्या फाळणींत निर्वासितांच्या छावण्यांत, १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारें १ कोट माणसांच्या छावण्यांत ती उभी होती. आज राष्ट्रपति हे तिचे अध्यक्ष असतात, आणि तिच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत पसरल्या आहेत.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, व्यवस्था झाली म्हणजे सारें झालें. इतिहास तसें म्हणूं देत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत ज्यूंच्या संहाराच्या वार्ता जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या कानीं आल्या होत्या. राष्ट्रांना जाहीर आवाहन करणारा मसुदाहि तयार होता. १४ ऑक्टोबर १९४२ च्या बैठकींत तो बाजूस ठेवण्यांत आला. बोललों तर युद्धकैद्यांपर्यंत जाण्याची वाट बंद होईल, ही एक भीति होती. स्वित्झर्लंडच्या तटस्थतेची काळजी ही दुसरी. जर्मनींतली राष्ट्रीय रेड क्रॉस संस्था तर नाझी राजवटीचें एक अंगच होऊन बसली होती. त्या मौनास पुढें त्या समितीनेंच आपलें मोठें अपयश म्हणून कबुली दिली. जी तटस्थता जखमीच्या उशाशीं सद्गुण ठरते, तीच वधस्तंभाजवळ अपराध ठरूं शकते; आणि सरकारच्या छत्राखालीं वाढणाऱ्या प्रत्येक राष्ट्रीय संस्थेनें, आपल्याहि, हें पान उघडें ठेविलें पाहिजे.

तेव्हां माझ्या विद्यार्थ्याला मी काय सांगूं? एवढेंच, कीं व्यवस्थेवांचून दया तोकडी पडते, आणि दयेवांचून व्यवस्था मुकी होते. दोहोंचा सांधा जुळविणें हें कायद्याचें काम नव्हे. तें सभासदांचें आहे, म्हणजे तुमचें आमचें आहे. वर्गणी देऊन पावती घेणारे आपण बहुत आहों. शेजारच्या घरीं माणूस बेशुद्ध पडला असतां काय करावें हें शिकून ठेविलेले मात्र किती निघतील?

द्यूनाँची अखेर सांगावयाची राहिली. १८६७ सालीं त्याचें दिवाळें वाजलें. जिनीव्हा सुटलें, स्वतः जन्मास घातलेल्या समितींतली जागा सुटली. म्वान्येशीं त्याचा समेट अखेरपर्यंत झाला नाहीं. कित्येक वर्षें तो हलाखींत भटकला आणि शेवटीं हायडेन या गांवच्या इस्पितळांत एका खोलींत राहिला. १८९५ सालीं एका पत्रकारानें त्यास शोधून काढलें तेव्हां तो हयात आहे हें जगाला कळलें. १९०१ चें पहिलें नोबेल शांति-पारितोषिक त्यास फ्रेडेरिक पासी यांच्यासह मिळालें. तो पैसा त्यानें स्वतःसाठीं खर्चिला नाहीं. ३० ऑक्टोबर १९१० रोजीं तो वारला. मृत्युपत्रानें त्यानें हायडेनच्या इस्पितळांत एक खाट ठेवून दिली होती. गांवांतल्या ज्या गरिबास उपचाराचे पैसे देतां येणार नाहींत, त्याच्यासाठीं ती कायमची मोकळी राहावी, अशी त्याची इच्छा होती.