काबूल ते हिंडन: सुटकेनंतर काय?

१५ ऑगस्ट २०२१ रोजी आपण स्वातंत्र्यदिन साजरा करत होतो आणि त्याच दिवशी काबूल तालिबानच्या हाती पडले. आठवडाभरात, २२ ऑगस्टला, हवाई दलाचे सी-१७ विमान १६८ जणांना घेऊन गाझियाबादच्या हिंडन तळावर उतरले. त्यात १०७ भारतीय होते. अफगाण शीख आणि हिंदूही होते.

त्यांतच होत्या अनारकली कौर होनरयार. पेशाने दंतवैद्य, महिलांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या तरुण खासदार. सोबत खासदार नरेंदर सिंग खालसा. त्यांचे वडील अवतार सिंग २०१८ मध्ये जलालाबादच्या आत्मघाती हल्ल्यात मारले गेले होते.

या मोहिमेला नाव मिळाले 'देवी शक्ती'. माजी सैनिक म्हणून मला तिचा अभिमान आहे. पण माणूस धावपट्टीवर उतरला की सैन्याचे काम संपते आणि सरकारचे सुरू होते. नागरिकत्व सुधारणा कायदा ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्यांनाच लागू आहे. म्हणजे २०२१ मध्ये पहिल्यांदा आश्रयाला आलेल्यांना त्याचा आधार नाही.

माझे मत स्पष्ट आहे. ज्यांना आपण विमान पाठवून आणले, त्यांच्यासाठी ही तारीख पुढे न्यायलाच हवी. जय हिंद!