कोविड-१९ महासाथ : भारतीयांच्या मानसिक आरोग्यावरील परिणाम

भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. संसर्गाची धास्ती, बुडालेला रोजगार आणि सक्तीचा एकांतवास यांमुळे चिंता, निद्रानाश व नैराश्याच्या तक्रारी वाढल्या. मुंबई-पुण्यातून पायी गावाकडे निघालेल्या मजुरांना उपासमारीची भीती होती; गावात पोहोचल्यावर काहींना रोग आणणारे म्हणून वेशीवरच अडवले गेले. हा अपमान आजाराइतकाच खोल गेला. रुग्ण आणि परिचारिकांनाही शेजाऱ्यांनी वाळीत टाकल्याचे प्रकार घडले.

सर्वांत दुर्लक्षित राहिला तो शोक. २०२१च्या दुसऱ्या लाटेत असंख्य कुटुंबांना अंत्यदर्शन मिळाले नाही. दहावा-तेराव्याला माणसे जमतात, मृताविषयी बोलतात, रडतात. तो आधारच नाहीसा झाला आणि दुःख मनात साचून राहिले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार आत्महत्या २०१९मध्ये १,३९,१२३, तर २०२१मध्ये १,६४,०३३ झाल्या. २०२१मधील सुमारे एक चतुर्थांश व्यक्ती रोजंदारीवर जगणाऱ्या होत्या. ही सारी वाढ महासाथीच्या माथी मारता येत नाही. मात्र हातावर पोट असलेल्यांची हलाखी त्यात स्पष्ट दिसते.

उपचारव्यवस्था आधीच तोकडी होती. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६च्या सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले होते आणि बहुसंख्य उपचारांविना होते. सप्टेंबर २०२०मध्ये ‘किरण’ मदतवाहिनी सुरू झाली. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत समुपदेशन देते.