पवनेचा काठ: खाचरांपासून तंबूंपर्यंत

शनिवारची दुपार झाली की निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून गाड्या कामशेतकडे धावू लागतात. तिथून आत वळलं की पवनानगर आणि मग धरणाचा काठ. ठाकूरसई, गेव्हंडे, आंबेगाव परिसरात तंबू, शेकोट्या आणि समोर तुंग-तिकोना किल्ले. हे पाणी डोंगरांइतकंच जुनं वाटतं. प्रत्यक्षात ते गेल्या पन्नासेक वर्षांतलं आहे आणि निगडीच्या तहानेशी बांधलेलं आहे.

त्याआधी हा सगळा पवन मावळ भाताचा. बेडशाची लेणी इथे दोन हजार वर्षांपासून उभी आहेत. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना यांच्या नजरेखाली खाचरं लावली जात. सह्याद्रीतून निघालेली पवना दापोडीजवळ मुळेला मिळेपर्यंत गावोगावची शेतं भिजवत जाई.

खालच्या अंगाला मात्र वेगळंच जग उभं राहत होतं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, मग एमआयडीसी आली, कारखाने वाढले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली. १९७२ मध्ये कामगारांच्या घरांसाठी नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्याच सुमारास वर पवना धरणात पाणी साठू लागलं. उपयुक्त साठा सुमारे साडेआठ टीएमसी. धरणाच्या कामामुळे वसलेली काळे कॉलनी पुढे पवनानगर म्हणून बाजाराचं गाव झाली.

शहरासाठी वेगळा कालवा खणला गेला नाही, कालव्याचं काम नदीनेच केलं. धरणातून सोडलेलं पाणी पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथे महापालिका ते उपसते आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करून घरोघर पोचवते. वाटेतली गावंही त्याच पात्रावर मोटारी लावून ऊस, भात, भाजीपाला पिकवतात.

या व्यवस्थेसाठी दोन्ही टोकांच्या शेतकऱ्यांनी जमीन दिली. निगडी-आकुर्डीच्या भूमिपुत्रांची जमीन प्राधिकरणात गेली आणि साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. वर धरणात १,२०० हून अधिक खातेदारांची जमीन गेली. त्यांतल्या शेकडो कुटुंबांना पर्यायी जमिनीसाठी दशकानुदशकं सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले.

म्हणूनच धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं, तेव्हा मावळ पेटला. पाणी वाया जाऊ नये आणि स्वच्छ मिळावं, ही शहराची बाजू. पाणी नळीतून गेलं तर नदी कोरडी पडेल आणि तिच्यावरचा आपला हक्कही जाईल, ही गावांची भीती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. एका महिलेसह तीन शेतकरी मेले. जलवाहिनीचं काम थांबलं.

तंबू आले ते त्यानंतरच्या वर्षांत, मोबाइलवरच्या फोटोंचा हात धरून. खाचरांच्या बांधांवर पाहुणे उतरू लागले. काही स्थानिक तरुणांना यातून कमाईची वाट मिळाली. शेतीच्या तुकड्यांवर घर चालत नाही तिथे ही कमाई मोलाची आहे आणि तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण जिथे बंगले आणि मोठी रिसॉर्ट उभी राहिली, तिथे जमिनीचा भाव वाढला आणि मूळ मालक बाजूला पडला, असंही घडलं. शिवाय काठावरचा कचरा आणि सांडपाणी जातं ते पिण्याच्याच पाण्यात.

धरणाकाठी रात्र काढणाऱ्या निगडीकराचा या पाण्याशी संबंध रविवारी संपत नाही. सोमवारी सकाळी तेच पाणी त्याच्या नळाला येतं. त्यामुळे काठावरच्या सांडपाण्यावर प्रक्रिया झालीच पाहिजे, हा आग्रह शहराने धरायला हवा. आणि ज्यांची शेतं या पाण्याखाली आहेत, त्यांच्या पुनर्वसनाची मागणी मावळाइतक्याच जोराने निगडीतून व्हायला हवी. पन्नास वर्षं आपण त्यांच्या जमिनीवरचं पाणी पितो आहोत.