वैनगंगेच्या तीरावरील तत्त्वविचार आणि लोकजीवन : अंभोरा व भंडारा यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

तत्त्वज्ञान हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमापुरता उरला असून सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनाशी त्याचा संबंध तुटला आहे, अशी तक्रार आज वारंवार ऐकू येते. ही तक्रार आधुनिक नाही. बाराव्या-तेराव्या शतकातही ब्रह्म, जीव, जगत्, मोक्ष यांविषयीचा विचार संस्कृत भाषेत बंदिस्त होता आणि ज्याला संस्कृत येत नाही त्याला तो उपलब्ध नव्हता. या अडचणीवर मराठी भाषेत ज्या दोन तोडगे निघाले, त्या दोहोंचा संबंध भंडारा परिसराशी जोडला जातो. पहिला मुकुंदराजांचा, दुसरा श्रीचक्रधर स्वामींच्या परंपरेचा. हे दोन्ही प्रयत्न ‘लोकभाषेतील तत्त्वज्ञान’ या एकाच नावाखाली मांडण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात त्यांची जात वेगळी आहे, आणि तो वेगळेपणाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या भूमीला तत्त्वविचाराचा स्पर्श त्याही पूर्वीचा आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडी व परिसरात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. तेथील शिलास्तंभांवर प्राकृत भाषेतील दानलेख आहेत. दान देणाऱ्यांची नावे दगडावर राहिली. मात्र त्या उपासकांनी कोणता उपदेश ऐकला आणि तो घरी कसा आचरला, हे दगड सांगत नाही. ते कळण्यासाठी ग्रंथांकडे यावे लागते.

अंभोरा आणि विवेकसिंधु

वैनगंगा, कन्हान आदी नद्यांच्या संगमावर अंभोरा हे क्षेत्र आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात येते. पलीकडचा काठ भंडारा जिल्ह्याचा. २०२४ मध्ये येथे मोठा पूल खुला झाल्याने दोन्ही तीर जोडले गेले. मुकुंदराजांचे परमगुरू हरिनाथ यांची समाधी येथे दाखविली जाते आणि ‘विवेकसिंधु’ याच ठिकाणी रचला गेला, अशी विदर्भातील परंपरा आहे. मराठवाड्यातील अंबेजोगाईचाही असाच दावा असून तेथेही मुकुंदराजांची समाधी आहे. ग्रंथात अंबानगरीचा उल्लेख वैन्यागंगेच्या तीरासह येतो, हा अंभोऱ्याच्या बाजूचा महत्त्वाचा आधार होय. नदीच्या नावाचा हा पुरावा सहज बाजूला सारता येणार नाही. तथापि केवळ त्यावरून वाद मिटला, असेही म्हणता येत नाही.

ग्रंथाचा रचनाकाल शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ असा दिला जातो. हा काल ग्राह्य धरल्यास तो ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सुमारे शतकभर आधीचा ठरतो. उपलब्ध प्रतींची भाषा मात्र त्या मानाने अर्वाचीन वाटते, म्हणून काही अभ्यासकांनी कालाविषयी शंका घेतली आहे. प्रत उतरवून घेणारे आपल्या काळची भाषा नकळत घालतात, हे ध्यानात घेतल्यास ती शंका काहीशी सौम्य होते.

विवेकसिंधूची अठरा प्रकरणे आहेत : पूर्वार्धात सात, उत्तरार्धात अकरा. शांकर अद्वैताचा विचार गुरुशिष्यसंवादातून ओवीबद्ध केलेला आहे. शिष्याने शंका विचारावी, गुरूने ती फेडावी, अशा पद्धतीमुळे कठीण सिद्धान्त पायरीपायरीने उलगडतो. मराठीत लिहिल्याबद्दल कवी समर्थनही देतो. यावरून त्या काळी ही गोष्ट किती धाडसाची होती हे दिसते. येथे भाषा बदलली, पण विचाराचा साचा शास्त्राचाच राहिला. सृष्टीची उत्पत्ती, देहांचे प्रकार, महावाक्यांचा अर्थ असाच क्रम आहे. ग्रंथ ज्याच्यासाठी रचला तो जैत्रपाळ राजा होता, असे ग्रंथातूनच कळते. हा राजा नेमका कोणता, याविषयी मतभेद आहेत. म्हणजेच वाचक म्हणून नजरेसमोर होता तो राजा. संस्कृतचे दार उघडले, तरी उंबरठा उंचच राहिला.

निळभट्ट भांडारेकार आणि चक्रधरांची रीत

दुसरी रीत ग्रंथातून नव्हे, तर चालण्या-बोलण्यातून निर्माण झाली. ‘लीळाचरित्रा’च्या एकांक या भागात चक्रधर स्वामींच्या एकाकी भ्रमंतीच्या आठवणी आहेत. त्यांत भंडारा येथील निळभट्ट ऊर्फ भांडारेकार यांची भेट येते. घरदार सोडून स्वामींची सोबत धरणाऱ्या अगदी आरंभीच्या भक्तांत त्यांची गणना होते, आणि गावाचे नाव त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. भंडारा शहराच्या इतिहासात त्यांचा उल्लेख अपवादानेच होतो, ही खेदाची बाब आहे.

चक्रधरांनी ग्रंथ लिहिला नाही. प्रसंग घडावा, कोणी प्रश्न विचारावा आणि स्वामींनी उत्तर द्यावे, असा त्यांचा क्रम होता. प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. महदाइसेच्या चौकस वृत्तीचे स्वामींनी कौतुक केल्याची नोंद आहे. विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हा स्वामींनी शरीराच्या इतर स्रावांशी तुलना करून तो देहाचाच एक धर्म असल्याचे सांगितले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ मानणारे द्वैती दर्शन आणि घरातल्या बाईने कोणत्या दिवशी कोठे बसावे हा प्रश्न, ही दोन टोके येथे एकाच संभाषणपरंपरेत येतात. अटन, विजन, भिक्षा, नामस्मरण हा आचारही त्या दर्शनातूनच निघतो. सिद्धान्त आधी शिकावा व आचरण मागाहून करावे, असा दुभंग त्यात नाही.

स्वामींच्या दृष्टान्तांचे संकलन केशिराजबास (केसोबास) यांनी ‘दृष्टान्तपाठा’त केले. त्यात ११४ दृष्टान्त असून प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशी तिहेरी आहे. जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहिल्याचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला. इतरांनीही हाती आलेल्या अवयवावरून संपूर्ण हत्ती ठरविला. परमेश्वराचा एखादा अंश कळलेला माणूस तोच पूर्ण समजतो, हे दार्ष्टान्तिक. गोष्ट समजण्यास अक्षरओळख लागत नाही. सूत्र विसरले तरी हत्ती लक्षात राहतो.

म्हातारीसाठी मराठी

चक्रधरांनंतर पंथाचे नेतृत्व नागदेवाचार्यांकडे आले. केसोबासांना संस्कृत रचनेची हौस होती. ‘स्मृतिस्थळा’त अशी आठवण आहे की, त्यांनी संस्कृतात लिहिण्याचा विचार मांडताच आचार्यांनी नकार दिला, तसे झाले तर आपल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण. मराठी गद्याच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. ते पूर्ण बरोबर नाही. आचार्यांना भाषेची चिंता नव्हती, श्रोत्याची होती. मुकुंदराजांच्या समोरचा राजा आणि नागदेवाचार्यांच्या समोरची म्हातारी, यांतील अंतर हेच या दोन परंपरांतील अंतर होय.

पुढील घटना मात्र विपरीत आहे. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. ग्रंथ भ्रष्ट होऊ नयेत, अनधिकाऱ्यांच्या हाती जाऊ नयेत, अशी कारणे सांगितली जातात आणि त्या अस्थिर काळाचा विचार करता ती पटण्यासारखीही आहेत. परिणाम असा झाला की, जे वाङ्मय म्हाताऱ्यांना कळावे म्हणून मराठीत राहिले, ते पंथाबाहेरच्या मराठी माणसाला कित्येक शतके वाचताच आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी लिपीची उकल केली. त्यानंतर ह. ना. नेने यांनी आणि १९७८ मध्ये डॉ. वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या सिद्ध केल्या, तेव्हा हा ठेवा सर्वांसमोर आला.

आज हे ग्रंथ छापील स्वरूपात मिळतात. पण तेराव्या शतकातील मराठी शब्दार्थाच्या मदतीशिवाय कळत नाही, आणि महाविद्यालयांत लीळाचरित्र शिकविले जाते ते बहुधा मराठीच्या वर्गात, जुन्या विभक्तिरूपांचा व गद्यशैलीचा नमुना म्हणून. तत्त्वज्ञानाच्या वर्गात निळभट्टांचे नाव क्वचितच निघते. भंडाऱ्याच्या एखाद्या म्हातारीला ते आजच्या बोलीत कोणी सांगितले, तर हत्तीचा दृष्टान्त तिला नवा वाटणार नाही. तो तिने कोठेतरी, कोणाचे नाव न घेता, ऐकलेला असण्याचीच शक्यता अधिक.