सारफथचे अभिवचन

सारफथचे अभिवचन : पुन्हा पाऊस पडेपर्यंत घरातले पीठ आणि तेल सरणार नाही, असे एलीया या इस्राएली संदेष्ट्याने दुष्काळात एका फिनिशियन विधवेला दिलेले वचन. हिब्रू बायबलातील पहिल्या राजे ग्रंथाच्या १७ व्या अध्यायात (ओव्या ८ ते १६) हा प्रसंग येतो. गिलादचा तिश्बी एलीया अहाब राजाला (कारकीर्द इ.स.पू. सुमारे ८७४–८५३) दव व पाऊस बंद होण्याची ताकीद देतो आणि यार्देनेपलीकडच्या करीथ ओहोळाकाठी राहतो. तेथे कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर व मांस आणून देतात. ओहोळ आटल्यावर तो सीदोनच्या मुलखातील सारफथला जातो. वेशीपाशी काटक्या वेचणाऱ्या विधवेकडे पाणी व भाकर मागतो. तिच्या घरी मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल उरलेले असते. ते आपण व मुलगा खाऊ आणि मग मरू, असे ती सांगते. आधी आपल्यासाठी लहानशी भाकर करावी, असे सांगून एलीया हे वचन देतो.

अर्थ : हे वचन सुबत्तेचे मानण्याचा प्रघात असला, तरी त्याला संहितेचा आधार नाही. मडके भरून वाहिले असे कथा म्हणत नाही. ते सरले नाही, एवढेच सांगते. वचनाला मुदतही आहे : पाऊस पडेपर्यंत. त्यानंतर पोट भरण्याची वाट शेतातूनच जाणार, हे गृहीत आहे. दुसऱ्या राजे ग्रंथातील, एलीयानंतरचा संदेष्टा अलीशा याच्या कथांशी तुलना केल्यास फरक उघड होतो. चौथ्या अध्यायात कर्जबाजारी विधवेच्या घरी शेजाऱ्यांकडून मागून आणलेली सगळी भांडी तेलाने भरतात. ते विकून कर्ज फिटते आणि उरलेल्यावर घर चालते. शोमरोनच्या वेढ्यात (अध्याय ६–७) गाढवाचे मुंडके ८० रौप्य शेकेलांना विकले जात असता, उद्या याच वेळी वेशीत एका शेकेलला एक सआ (धान्याचे माप) सपीठ मिळेल, असे अलीशा सांगतो. तेथे माल बाजारात येतो, भाव कोसळतात. सारफथला विकण्याजोगे काहीच उरत नाही. मिळतो तो त्या-त्या दिवसाचा शिधा, आणि या वचनाचे वैशिष्ट्य त्याच्या या तुटपुंजेपणातच आहे.

पर्जन्यदेवतेचा वाद : ईजबेल ही सीदोन्यांचा राजा एथबाल याची मुलगी आणि अहाबाची राणी. तिच्याबरोबर बआल या देवाच्या पूजेला राजाश्रय मिळाला, असे पहिल्या राजे ग्रंथाचा १६ वा अध्याय सांगतो. म्हणजे विधवेचे पीठ टिकते ते बआलच्याच मुलखात. १९२९ पासून रास शाम्रा (प्राचीन उगारित) येथे सापडलेल्या मृत्तिकापट्टांत बआल हा पावसाचा स्वामी आहे. तो मेला की शेते करपतात. तेथल्याच किर्ताकाव्यात राजा आजारी पडल्यावर साठवणीतले धान्य, बुधल्यांतले मद्य आणि भांड्यांतले तेल संपल्याचे वर्णन आहे. या साम्याच्या आधारे लिआ ब्रॉनर यांनी १९६८ मध्ये एलीया-अलीशाच्या कथा बआलविरोधी वादप्रबंध म्हणून वाचल्या. १७ व्या अध्यायात बआलचे नावही नाही, हा यावरचा आक्षेप रास्त आहे. परंतु १६ व्या अध्यायाच्या शेवटाकडे बआलची वेदी येते आणि १८ व्या अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्याच संदेष्ट्यांना आव्हान दिले जाते. मधल्या कथेत नाव घेण्याची गरज उरत नाही. मात्र उगारितची संहिता कथेच्या काळाच्या चारेक शतके आधीची आहे. तेव्हा तिला थेट उगम न म्हणता सामायिक कल्पनाविश्व म्हणणे सुरक्षित.

आणखी एक आक्षेप नैतिक आहे : उपाशी विधवेकडून संदेष्टा पहिला घास मागतो. कथेत वचन आधी उच्चारले जाते आणि भाकर नंतर थापली जाते, हे खरे. पण तेवढ्याने आक्षेप मिटत नाही. अधिक समाधानकारक उत्तर आजूबाजूच्या प्रसंगांत मिळते. करीथला कावळे, सारफथला परक्या देशातील विधवा आणि १८ व्या अध्यायात शंभर संदेष्ट्यांना गुहांत लपवून अन्नपाणी पुरवणारा कारभारी ओबद्या. प्रत्येक ठिकाणी देवाची तरतूद दुसऱ्या कोणाच्या तरी हातून पोचते आणि संदेष्टा घेणाराच राहतो. त्याच अध्यायात अहाब घोडे-खेचरांसाठी गवत शोधत हिंडतो. कुर्ख शिलालेखानुसार इ.स.पू. ८५३ च्या कार्कारच्या लढाईत याच राजाने २,००० रथ उतरवले होते. रथांच्या धन्याला चारा मिळेना आणि विधवेचे पीठ सरेना, ही मांडणी सहेतुक दिसते.

ऐतिहासिकता : जोसिफसने मेनांदर या ग्रंथकाराच्या हवाल्याने इथोबालच्या (म्हणजेच एथबालच्या) कारकीर्दीतील एक वर्षाच्या अवर्षणाची नोंद केली आहे. त्यात पाऊस येतो तो इथोबालच्या प्रार्थनेने. राजे ग्रंथ तिसऱ्या वर्षाचा उल्लेख करतो. नव्या करारात लूक व याकोब साडेतीन वर्षे म्हणतात. अवर्षण घडले असावे, एवढेच यातून निघते. सारफथ म्हणजे लेबननमधील आजचे सराफंद. १९६९–७४ मध्ये जेम्स प्रिचर्ड यांच्या उत्खननात तेथे कुंभारांची वस्ती, भट्ट्या आणि तानित-अश्तार्त या देवतेचे नाव असलेला हस्तिदंती लेख सापडला. कथेला त्याने पुरावा मिळत नाही, गावाची ओळख तेवढी पक्की होते.



उत्तरपरंपरा : लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय ४) येशू नासरेथच्या सभास्थानात या विधवेचे परकेपण पुढे करतो आणि श्रोते खवळतात. कोकणातील बेने इस्राएल समाजात एलियाहू हनाबीला (संदेष्टा एलीयाला) मोठे स्थान आहे. त्याच्या नावाने पोहे, खोबरे, गूळ व फळांचा मलिदा होतो आणि अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. या परंपरांत एलीया मुख्यतः रथाचा आणि चमत्कारांचा धनी आहे. मूळ कथेतला एलीया मात्र विधवेच्या चुलीवर जगलेला आहे आणि अभिवचनाचा अर्थ लावताना तोच प्रमाण मानावा लागतो.